पातूरनंतरचा थांबा

आबाजींचा श्वास थांबलेला मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझ्या मांडीवर सूप होतं आणि सुपात तुरीच्या शेंगा. दुपारची वेळ. अंगणातल्या कडुनिंबाखाली बाजेवर ते उताणे पडले होते आणि घोरत होते. त्यांच्या घोरण्याचं मेडशीत कोणाला नवल नव्हतं. शेजारच्या गोठ्यातली म्हैससुद्धा त्याला सरावली होती. मी दचकले ते घोरणं बंद झालं म्हणून. छाती वरखाली होत होती, गळ्याजवळची कातडी आत ओढली जात होती, पण नाकातोंडातून वारा काही जात नव्हता. मी वाट पाहिली. मग सूप बाजूला टाकलं. आजी, म्हणजे त्यांची बायको, मागच्या खोलीत होती, तिला हाक ऐकू गेली नसती. शेवटी रांजणातून गडवाभर पाणी घेतलं आणि त्यांच्या तोंडावर फेकलं.

ते उठून बसले, खोल श्वास घेतला आणि म्हणाले, "मेडशी."

मला वाटलं, माणसाचं डोकं फिरलं. मग आठवलं. डोळा लागण्याआधी ते मला एका जुन्या गाडीची गोष्ट सांगत होते. "अकोल्याहून निंगाली, पातूर सोडलं," इतकं बोलले आणि झोपले. राहिलेलं गाव त्यांनी उठल्यावर सांगितलं, एवढंच.

"पाणी काहून फेकलं वो पोरी?"

"तुमचा श्वास बंद पडला होता, आबाजी."

"बंद नाई पडला. थांबला होता. थांब्यावर गाडी थांबतेच." एवढं बोलून त्यांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि पुढची गोष्ट सुरू केली. मी मात्र संध्याकाळपर्यंत पुन्हा पुन्हा त्या बाजेकडे बघत राहिले. भाकरी थापताना आजीनं विचारलं, "अंगणात काय पाहून राह्यली सारखी?"

सगळे त्यांना कंट्रोलर म्हणत. एसटीतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी म्हणत. मालेगावच्या बसस्थानकावर जाळीच्या खिडकीमागे ते बसायचे, समोर भोंग्याचा माईक, गळ्यात शिट्टी. दुसरे कंट्रोलर गाडी कुठं चालली तेवढंच सांगतात. हे गाडी निघाली तिथपासून सुरू करत. वाशीमची गाडी फलाटाला लागली की "अकोला, पातूर, मेडशी, मालेगाव, वाशीम" असं सगळं म्हणायचं, मागं पडलेल्या गावांसकट. कोणी हसलं तर ऐकवत, "गाडी कोठून आली हे ज्याले माहीत नाई, त्यानं तिच्यात बसू नये."

आणि म्हणता म्हणताच झोपत. "अकोला, पातूर," इतकं झालं की मान छातीवर, आणि भोंग्यातून साऱ्या स्टँडभर घोरणं. ड्रायव्हर इंजिन चालू ठेवून बसलेला, कंडक्टर दारात उभा. पुढचं नाव ऐकू आल्याशिवाय गाडी हलवायची नाही असा धाकच होता. चहावाला गिऱ्हाइकांना सांगे, "घ्या अजून एक. साहेब पातूरच्या घाटात हायत." मग केव्हातरी भोंग्यातून "मेडशी" ऐकू येई आणि गाडी सुटे.

यावर कंडक्टर लोकांनी एक युक्ती काढली होती. घाई असली की त्यांच्यातला एकजण खिडकीपाशी जाई आणि हळूच म्हणे, "अकोला, पातूर, मालेगाव." मेडशी गाळायची. मेडशी त्यांचं स्वतःचं गाव. ते गाळलेलं त्यांना झोपेतही सहन व्हायचं नाही. डोळे मिटलेलेच, पण तोंडातून निघे, "मेडशी राह्यली." की गाडी मोकळी.

मी आठवीत मालेगावच्या शाळेत जायची. संध्याकाळच्या गाडीनं मेडशीला उतरायचं आणि पुढं आमच्या वस्तीपर्यंत पायी. शाळा सुटून स्टँडवर पोचायला मला उशीर होई. दुरूनच भोंगा ऐकू येई, "मेडशीची पोट्टी अजून आली नाई. चप्पल तुटली असंन. गाडी थांबन." मी धावत यायची तर सगळी गाडी खिडकीतून माझ्या पायाकडे बघायची. लाजेनं मरून जायची मी. एकदा ड्रायव्हर चिडून म्हणाला, "साहेब, एका पोट्टीसाठी साऱ्यायले खोळंबा?" ते म्हणाले, "सुटली का गाडी? नाई ना? सुटत नाई तवरक सगळ्यायची हाय."

हे वाक्य ते कशालाही लावत. मोडलेल्या सोयरिकीला, नापास झालेल्या पोराला, दवाखान्यात पडलेल्या माणसाला. माझ्या शाळेला मात्र ते लागलं नाही. त्या हंगामात सोयाबीन काढताना मायचा हात मळणीयंत्रात गेला. हात वाचला, बोटं गेली. मी घरी राहिले ती राहिलेच. पुढं कंट्रोलर निवृत्त झाले, आजीचे गुडघे धरले. तेव्हा ते एक दिवस आमच्या वस्तीवर आले, गळ्यात शिट्टी तशीच. मायला म्हणाले, "जय भीम बाई. पोरगी आमच्या घरी कामाले पाठोव. लेक म्हणून ठेवीन, पण काम करून घेईन." दोन्ही गोष्टी त्यांनी खऱ्या केल्या.

त्या घरात सगळं स्टँडसारखं चाले. जेवताना ताटावर वाटी एकदा वाजवली की वाढणं थांबवायचं, दोनदा वाजवली की पुढं वाढायचं. झोपायला जाणं म्हणजे 'मुक्कामी जाणं'. लग्नाच्या पंगतीत हे उभे राहिले की पाहुण्यांना मार्गाप्रमाणे बसवत, रिसोडकडचे इकडे, अकोल्याकडचे तिकडे, आणि मधल्या गावचा माणूस चुकून दुसऱ्या रांगेत बसला तर उठवत. आणि पाणी. परगावचं पाणी बाधते यावर त्यांचा इतका विश्वास, की वाशीमला कचेरीत जायचं तरी घरच्या विहिरीच्या पाण्याची कॅन बरोबर. लेकीच्या लग्नात अकोल्याला मांडवात नवरदेवाकडचे लोक सरबत पीत होते आणि वधूपिता कॅन तोंडाला लावून उभा. आजी नंतरही सांगायची, "याले इतरायच्या विहिरीचा भरोसाच नाई."

मी पाणी फेकल्याची गोष्ट आजीनं फोनवर लेकीला सांगितली. ती बंगळुरात बँकेत होती. ती दुसऱ्याच आठवड्यात आली, बापाला अकोल्याच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. तिथं अंगाला वायरी लावून रात्रभर निजवलं. डॉक्टरनं सांगितलं, झोपेत यांचा गळा मिटतो, श्वास पुन्हा पुन्हा अडतो आणि हृदय थकत चाललंय. रात्री मशीन लावल्याशिवाय झोपायचं नाही, एकही रात्र नाही. मी बाकावर बसून ऐकत होते. म्हणजे इतकी वर्षं भोंग्यातून साऱ्या तालुक्यानं जे ऐकलं आणि हसून घेतलं, ते हे होतं.

मशीन लेकीनं बंगळुरातल्या एका दुकानातून पाठवली. मिक्सरएवढा डबा, त्याला नळी, नळीच्या टोकाला नाकावर बसणारा मास्क आणि डोक्यामागून पट्टे. डबा वारा फुंकतो, त्या वाऱ्यानं गळा उघडा राहतो. वारा कोरडा लागू नये म्हणून डब्याला पाण्याची छोटी टाकी. डॉक्टरनं सांगितलं होतं, दुकानातलं शुद्ध पाणी घाला. यांनी घातलं विहिरीचं. मशीनचं नाव ठेवलं डायवर. "दिवसा मी कंट्रोलर, रातच्याले हा डायवर," म्हणत, शिट्टी वाजवत आणि मग मला मास्क लावू देत. सकाळी तो धुऊन उन्हाआड वाळवणं माझं काम.

पहिल्याच सकाळी काय झालं ते सांगते. शेजारची बाई ताक मागायला आली, तिनं खिडकीतून पाहिलं आणि गावात सांगितलं, कंट्रोलरले ऑक्सिजन लावला. कोरोनाच्या त्या दोन वर्षांनंतर आमच्याकडे ऑक्सिजन लावला याचा एकच अर्थ उरला होता. लोक येऊ लागले. माणसं टोप्या काढून अंगणात उकिडवी बसली. रिठदचे नातेवाईक टेम्पो करून आले, त्यांच्यातल्या एका म्हातारीनं फाटकातूनच सूर लावला. मी सांगत होते, बरे हायत, काही झालं नाई, पण माझं कोण ऐकतं. आजी गुडघ्यानं आतून लवकर येऊ शकत नव्हती. आणि कंट्रोलर, ज्यांना कितीतरी वर्षांनी पहिल्यांदा खरी झोप लागली होती, ते सूर्य डोक्यावर आला तरी उठेनात. एकानं तर फुलांचा हार आणून पिशवीखाली झाकून ठेवला होता.

शेवटी ते उठले. मास्क तसाच, नळी सोंडेसारखी लोंबतेय, असे दारात येऊन उभे राहिले. फाटकातल्या म्हातारीचा सूर अर्ध्यावर तुटला. त्यांनी मास्क वर केला, गर्दीकडे पाहिलं आणि म्हणाले, "इतक्या लोकायची कोणती गाडी चुकली?"

हार आणणाऱ्याला त्यांनी सोडलं नाही. तो हार मशीनला घालायला लावला.

त्यानंतर दिवसा झोपणं गेलं. वाक्यं एका दमात पुरी होऊ लागली, आणि गावाला तेव्हा कळलं की हा माणूस बोलतो किती. चहावाला म्हणे, "मशीन लावून डॉक्टरनं आमचं वाटोळं केलं."

मग लेकीला दिवस गेले. तिला बाप जवळ हवा होता. आजीला प्रवास जमणार नव्हता. रेल्वेनं जायचं तर रात्र वाटेत, रात्र म्हणजे मशीन, आणि मशीनला रात्रभर वीज. म्हणून लेकीनं विमान ठरवलं, नागपूरहून, दुपारचं. झोपायचं कामच नाही. त्यांच्याबरोबर मी. कारण आजी म्हणाली, "पोरी, तिथं पोचस्तोवर याले झोपू देऊ नको. डायवर पोटाशी धरून ने." परतीचं ती काही बोलली नाही. ते माझ्या त्या वेळी लक्षात आलं नाही. मायनं चार दिवसांच्या प्रवासाला जवसाची चटणी किलोभर आणि घरातलं चांगलं पांघरूण बांधून दिलं, तेही मला नुसतं विचित्र वाटलं. "माय, तिथं थंडी नसते," म्हटलं. ती म्हणाली, "असू दे." आणि बोटं नसलेल्या हातानं गाठ पक्की केली.

निघायच्या आदल्या संध्याकाळीच कंट्रोलरांनी मशीन बांधली. त्यांना म्हटलं, रात्री लागंन ना. "बांधलेली शिदोरी वाटेत सोडत नाईत," म्हणाले आणि रात्रभर खुर्चीत ताठ बसून राहिले. झोपले नाहीत, मशीनशिवाय झोपायचं नाही हा डॉक्टरचा शब्द पाळला. पण सकाळी जीपमध्ये बसताना त्यांचे डोळे लाल होते. समृद्धी महामार्गावर त्यांना करमेना. "हा कायचा रस्ता. एकही गाव रस्त्यावर येत नाई, नुसत्या पाट्या." त्या रागावर ते नागपूरपर्यंत जागे राहिले.

विमानतळावर तपासणीच्या जागी वर्दीतल्या साहेबानं मशीन पिशवीतून काढायला लावली आणि ट्रेमध्ये ठेवायला सांगितली. मी ती आडवी ठेवली. टाकीत पाणी असेल असं माझ्या स्वप्नातही नव्हतं. रोज सकाळी मी टाकी रिकामी करत असे. ट्रे त्या यंत्राच्या पोटातून पलीकडे निघाला तेव्हा त्यात पाणी डुचमळत होतं.

"ये क्या है?"

"पानी," कंट्रोलर म्हणाले.

"किसका पानी?"

"हमारे कुएँ का."

तेव्हा मला कळलं. परगावचं पाणी बाधेल, म्हणून यांनी पहिल्या रात्रीच्या श्वासापुरतं विहिरीचं पाणी टाकीत भरून आणलं होतं.

"अंकल, पानी अलाउड नहीं है. टाकी खाली करनी पड़ेगी. उधर डस्टबिन है."

"पोरी, काय म्हणते हा?"

"पाणी फेका म्हणते, आबाजी."

"घरचं पाणी कोणी फेकते का?" त्यांनी टाकी काढली, तोंडाला लावली आणि उरलेलं पाणी पिऊन टाकलं. सगळं. मागच्या रांगेतली एक बाई तोंडावर हात ठेवून उभी. तो वर्दीतला साहेब तर विसरलाच की आपण कोण. मग म्हणाला, "ये पीने का होता है क्या?" कंट्रोलरांनी मिश्या पुसल्या आणि सांगितलं, "घर का है."

मी मशीन उचलली. जरा हलवली तर आत पाणी वाजलं. टाकीत नाही, डब्याच्या आत, जिथं मोटार असते तिथं. मी ते त्यांना सांगितलं नाही. ओढणीनं बाहेरून पुसत राहिले आणि मनात एकच, आज रात्री हा डायवर चालला नाही तर. एकही रात्र नाही, म्हणाला होता डॉक्टर.

विमानात ते खिडकीशी, मी मधे, माझ्या पलीकडे चष्मेवाला एक म्हातारा, बंगळुरकडचा. मला पट्टा बांधता येईना, त्यानंच बांधून दिला. हवाईबाईनं हात हलवून सगळं सांगितलं. कंट्रोलरांनी तिला बोलावून विचारलं, "बाई, बीच के थांबे नहीं बताए."

"सर, बीच में स्टॉप नहीं है. सीधा बेंगलुरु."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच ती गाडी सोडली होती. "थांबाच नाई? मंग कोणाले उतरा लागलं त?"

विमान वर गेलं तेव्हा माझे डोळे मिटलेले होते. उघडले तर सगळीकडे एकच घूं आवाज, खालीवर न होणारा. कंट्रोलर मान कलती करून ऐकत होते. "ओयखीचा आवाज हाय," म्हणाले. मीही तो ओळखला. अगदी मशीनचा आवाज होता. दोन वर्षं हा आवाज सुरू झाला की ते झोपत आले होते, आणि त्यात रात्रभराचं जागरण.

"आबाजी, झोपू नका. बोला काहीतरी."

"बोलतो ना. तुले एक सांगाचंच राह्यलं, पोरी," ते म्हणाले. "तू आता" आणि मान छातीवर.

घोरणं सुरू झालं. मी हलवलं, चिमटा काढला. घोरणं थांबलं. तेच जुनं, कडुनिंबाखालचं. छाती वरखाली, गळ्याची कातडी आत, आणि वारा नाही. पाण्याची बाटली जवळ नव्हती. मला हवाईबाईला बोलवायचं बटण कुठलं ते ठाऊक नव्हतं. चष्मेवाला म्हातारा वाकून बघत होता, त्याचाही रंग उडाला होता. तेव्हा मला तो स्टँड आठवला, जाळीची खिडकी आणि घाईतला कंडक्टर. मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं.

"अकोला, पातूर, मालेगाव."

काही नाही. मी मोठ्यानं म्हटलं. "अकोला, पातूर, मालेगाव, वाशीम."

घशात काहीतरी सुटल्यासारखा आवाज झाला, वारा आत गेला. डोळे मिटलेलेच. "मेडशी राह्यली."

मी पुन्हा म्हटलं. ते पुन्हा म्हणाले. उलट्या बाजूनं म्हटलं, "वाशीम, मालेगाव, पातूर." रागावून, "मेडशी." त्यांना पुरतं जागं करता येत नव्हतं, पण श्वास आणता येत होता. मी म्हणत राहिले. घसा बसला तेव्हा चष्मेवाल्या म्हाताऱ्यानं खूण केली, मी म्हणतो. त्याच्या तोंडून अकोल्याचं अक्कोला झालं, पण मेडशी त्यानं बरोबर गाळली. हवाईबाई धावत आली, मी रडत रडत तिला अर्धं हिंदीत सांगितलं. ती पाणी घेऊन आली, त्यांच्या कपाळाला लावलं आणि मग तीही वाकली. "सर, अकोला, पातूर, मालेगाँव, ठीक है?"

"ठीक काय हाय," कंट्रोलर झोपेतच म्हणाले. "मेडशी."

असे आम्ही तिघं ती गाडी ओढत नेत होतो. मी खाली बघितलं नाही, ढग बघितले नाहीत. लोक विचारतात पहिल्यांदा विमानात कसं वाटलं, मला काहीच सांगता येत नाही.

चाकं जमिनीला आपटली तसे ते खाडकन जागे झाले. डोळे स्वच्छ. खिडकीतून बाहेर पाहिलं, माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "बंगळुरातच राह्यजो. वापस येऊ नको."

मला वाटलं, मी ऐकण्यात चुकले. माणसं उठून वरून पिशव्या काढत होती. "काय म्हटलं, आबाजी?"

"मघाशी सांगून राह्यलो होतो ते. जिथून मशीन आली, त्या दुकानात पोरगी पाह्यजे, मास्क लावाले, धुवाले शिकवाले, म्हाताऱ्यायच्या घरी जावाले. मायी लेक बोल्ली हाय तिथं. खोली तिच्याच घरी. वापसीचं तिकीट एकच काढलं."

"माय?"

"तिले माहीत हाय."

"आजी?"

"तिलेही."

किलोभर चटणी. पांघरूण. पोचस्तोवर झोपू देऊ नको. सगळं एकदम कळलं आणि मी जागेवरून उठूच शकले नाही. चष्मेवाला म्हातारा विचारत होता, "Madam, he is okay?" मी मान हलवली. ते ठीक होते. माझ्या घशातूनच वारा जात नव्हता.

मशीन चालली नाही. लेकीच्या घरी लावली तर आतून फुसफुस आणि मग काहीच नाही. संध्याकाळच्या आत दुकानाचा मालक स्वतः दुसरी मशीन घेऊन आला. पट्टा त्यांच्या डोक्याला बसवताना त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "आप ही हैं ना?" मी नळी डब्याला जोडली. त्या रात्री कंट्रोलर शांत झोपले, दुसऱ्याच्या डायवरवर. मी मायचं पांघरूण घेऊन भिंतीकडे तोंड करून पडले.

ते तिथं राहिले तितके दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. जेवण वाढायची, मास्क धुवायची. वाटी वाजवली तरी वर पाहायची नाही. एकदा ते म्हणाले, "इचारलं असतं त तू हो म्हटलं असतं का?" खरं उत्तर नाही असं होतं. आम्हा दोघांनाही ते माहीत होतं. त्यांनी माझी गाडी धरून ठेवली होती की मला विचारल्याशिवाय ढकलून दिलं होतं, हे मला आजही नीट सांगता येत नाही. मी इथं घरोघर जाते, म्हाताऱ्यांच्या नाकावर मास्क बसवते, टाकीतलं पाणी प्रवासाआधी ओतून टाका म्हणून बजावते, आणि महिन्याला मायला पैसे पाठवते. उपकार मानते. आणि कधी कधी भर दुपारी, कोणाच्या तरी अनोळखी स्वयंपाकघरात मास्क धुताना, अजून धक्का बसतो की मी इथं कशी.

आता ते नाहीत. मालेगावच्या स्टँडवर बाकावर बसून सकाळच्या गाड्या बघताना गेले, जागेपणी. मशीनची त्यात काही चूक नव्हती, असं चहावाल्यानंच मला फोनवर सांगितलं.

पण परतीचं सांगायचं राहिलं. त्यांना सोडायला मी विमानतळावर गेले. टाकी मी स्वतः रिकामी करून कोरड्या फडक्यानं पुसली होती. आत मला जाता येणार नव्हतं. बाहेरच्या रांगेत त्यांच्या मागं एक पोरगा उभा होता, पाठीला बॅग, कानात वायरी. मी त्याचं तिकीट विचारलं. नागपूर. मी त्याला बाजूला घेतलं आणि सांगितलं, भाऊ, यांच्याशेजारी जागा मागून बस, यांना झोप लागली तर कानात असं असं म्हण. अकोला, पातूर, मालेगाव, वाशीम. मेडशी म्हणायचं नाही. तो माझ्याकडे बघत राहिला. मी त्याच्याकडून ते पाठ म्हणवून घेतलं, दोनदा, तीनदा, लोक बघत होते तरी. कंट्रोलर लेकीनं मागवलेल्या विमानतळाच्या चाकाच्या खुर्चीत बसून सगळं ऐकत होते. निघताना त्यांनी शिट्टी गळ्यातून काढली आणि माझ्या हातात ठेवली. मी ती घेतली. तेव्हाही बोलले नाही.

दिवसभर फोन उशाशी. विमान उतरलं असेल, जीप मिळाली असेल, समृद्धी लागली असेल. मी मनात एकेक पाटी मोजत होते. लेक दोनदा येऊन म्हणाली, "जेव गं." दिवस कलला तेव्हा फोन वाजला. मी उचलला. त्या टोकाला कुठंतरी म्हैस हंबरत होती आणि आजी कोणाला तरी खुर्ची सरकव म्हणत होती. पोचलो, बरा आहे, झोपलो नाही, असलं काही ते म्हणाले नाहीत. मी हॅलो म्हणायच्या आधीच त्यांचा आवाज आला, भोंग्यातून यायचा तसा.

"मेडशी."